मदतीची वाट आणि लुटीच्या आडवाटा

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात झालेल्या अतिवृष्टीने आणि महापुराने उभी पिके, जनावरे, विहिरी, घरे आणि कित्येक ठिकाणी शेतातील मातीसुद्धा वाहून नेली. महिनाअखेरीस जायकवाडीच्या नाथसागरातून गोदावरीत इतका मोठा विसर्ग करावा लागला की पैठण आणि नदीकाठच्या गावांतील हजारो रहिवाशांना सुरक्षित स्थळी हलवण्यात आले. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य शासनाने ३१,६२८ कोटी रुपयांचे मदत पॅकेज जाहीर केले आणि चारच दिवसांनी, ११ ऑक्टोबर रोजी, शेतकऱ्यांना भरीव मदत मिळावी या मागणीसाठी छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातून गुलमंडीच्या दिशेने मोर्चा निघाला. घोषणा झाल्यापासून प्रत्यक्ष खात्यात रक्कम पडेपर्यंत जो काळ जातो, त्या काळात आपद्‌ग्रस्त कुटुंबाला पैशाची निकड असते आणि माहिती मात्र अर्धवट असते. फसवणूक करणाऱ्यांना हाच काळ सर्वाधिक सोयीचा ठरतो.

यादीत नाव आहे की नाही, ई-केवायसी कोठे करायची, रक्कम कोणत्या खात्यात जमा झाली, फोनवर बोलणारी व्यक्ती खरोखर तहसील कार्यालयातील आहे का, हे प्रश्न प्रत्येक आपत्तीनंतर पुन्हापुन्हा विचारले जातात. पुढील मार्गदर्शनाचा गाभा एवढाच आहे की शासकीय मदतीची वाट ठरलेली असते आणि ती वाट ज्याला ठाऊक आहे त्याला मध्यस्थाची गरज उरत नाही. म्हणून आधी ती वाट समजून घ्यावी, मग आडवाटा ओळखाव्यात आणि तरीही फसवणूक झालीच तर वेळ न दवडता काय करावे ते मनाशी पक्के करून ठेवावे.

मदत खात्यापर्यंत कशी पोहोचते

पीक, जमीन, जनावर किंवा घर यांच्या नुकसानीसाठी मिळणारे शासकीय अनुदान साधारणपणे पुढील टप्प्यांतून जाते.

१. पंचनामा. नुकसानीची जागेवर जाऊन केलेली लेखी नोंद म्हणजे पंचनामा. शेतीच्या बाबतीत तो ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी), ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) यांनी मिळून करावयाचा असतो. पंचनाम्यासाठी शेतकऱ्याने कोणालाही पैसे द्यावयाचे नसतात. गट क्रमांक, पीक आणि बाधित क्षेत्र बरोबर लिहिले गेले आहे की नाही, हे मात्र त्याने स्वतः उभे राहून पाहावे.

२. यादी. पंचनाम्यांवरून गावनिहाय यादी तयार होते, ती तहसील कार्यालयामार्फत शासनाच्या संगणकीय प्रणालीवर जाते आणि गावात प्रसिद्ध केली जाते. यादीतील प्रत्येक लाभार्थ्याला एक विशिष्ट क्रमांक मिळतो, ज्याला गावोगावी ‘व्हीके नंबर’ म्हणतात.

३. ओळख पटवणे. ॲग्रीस्टॅक म्हणजे शेतकऱ्यांची जमीन आणि ओळख एकत्र जोडणारी नोंदणी. तीत शेतकरी ओळख क्रमांक मिळालेल्यांना २०२५ च्या मदतीवेळी ई-केवायसीतून सवलत देण्यात आली. इतरांना विशिष्ट क्रमांक आणि आधार कार्ड घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात आधार प्रमाणीकरण करावे लागते. ई-केवायसी म्हणजे हेच प्रमाणीकरण होय.

४. थेट जमा. रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा होते. ज्याच्या नावावर एकापेक्षा अधिक खाती आहेत, त्याच्या बाबतीत ती आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. त्यामुळे ‘पैसे आलेच नाहीत’ असे वाटणाऱ्या अनेकांची रक्कम प्रत्यक्षात विसरलेल्या दुसऱ्या खात्यात पडलेली असते. कोणते खाते आधारशी जोडलेले आहे, हे आधार प्राधिकरणाच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा बँकेच्या शाखेत तपासता येते.

या चारही टप्प्यांत कोठेही ओटीपी फोनवर सांगणे, यूपीआय पिन टाकणे, ‘फाइल पुढे सरकवण्यासाठी’ पैसे भरणे किंवा कोणाला टक्केवारी देणे बसत नाही. एखादी मागणी या वाटेवर बसत नसेल, तर ती करणारा माणूस कितीही ओळखीचा आणि कितीही सभ्य बोलणारा असला तरी तेथेच थांबावे.

स्वतःची रक्कम स्वतः काढावी

मोठ्या आकड्याचे आमिष ज्याच्यावर चालते, त्याला बहुधा आपला खरा आकडा ठाऊक नसतो. ऑक्टोबर २०२५ च्या पॅकेजमध्ये पीक नुकसानीसाठी हेक्टरी दर पुढीलप्रमाणे होते आणि मदतीची मर्यादा ३ हेक्टरपर्यंत होती:

- कोरडवाहू पिकांसाठी ८,५०० रुपये
- बागायती पिकांसाठी १७,००० रुपये
- बहुवार्षिक फळपिकांसाठी २२,५०० रुपये
- याशिवाय रब्बीच्या बियाण्यांसाठी आणि अन्य बाबींसाठी हेक्टरी १०,००० रुपये

समजा, पंचनाम्यात एखाद्या शेतकऱ्याचे १ हेक्टर २० आर कोरडवाहू सोयाबीन बाधित म्हणून नोंदले गेले. पीक नुकसानीचे १०,२०० रुपये आणि रब्बीसाठीचे १२,००० रुपये मिळून त्याची रक्कम २२,२०० रुपये होते, आणि तीही दोन वेगवेगळ्या हप्त्यांत येऊ शकते. अशा शेतकऱ्याला ‘तुमचे १ लाख ८० हजार मंजूर झाले आहेत, ३,००० रुपये प्रक्रिया शुल्क भरा’ असा फोन आला, तर हिशेबाचा हा कागदच त्याचे उत्तर असतो. हिशेब करताना सातबाऱ्यावरील एकूण क्षेत्र न धरता पंचनाम्यातील बाधित क्षेत्र धरावे. दर प्रत्येक आपत्तीनंतरच्या शासन निर्णयानुसार बदलू शकतात, म्हणून त्या वेळचा शासन निर्णय ग्रामपंचायतीत किंवा तहसील कार्यालयात पाहून घ्यावा.

मोबाईलवरून येणारी फसवणूक

आपत्तीनंतर मोबाईलवर येणारे सापळे मुख्यतः चार प्रकारचे असतात.

- एपीके फाइल. एपीके म्हणजे मोबाईलमध्ये ॲप बसवणारी फाइल. गावाच्या व्हॉट्सॲप गटावर ‘अनुदान यादी’ किंवा ‘पीएम किसान’ अशा नावाने ती येते आणि बहुधा ओळखीच्याच क्रमांकावरून येते, कारण त्या व्यक्तीचा मोबाईल आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो. ती उघडून परवानग्या दिल्या की मोबाईलवर येणारे संदेश आणि ओटीपी परस्पर तिसऱ्याच्या हाती पडू लागतात. शासकीय यादी ॲपच्या रूपात कधीच पाठवली जात नाही. यादी वाचण्यासाठी काही ‘इन्स्टॉल’ करावे लागत असेल, तर ती यादी नव्हे.

- बनावट संकेतस्थळ. केंद्र व राज्य शासनाच्या संकेतस्थळांच्या पत्त्याचा शेवट साधारणपणे ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असा असतो. दिसायला हुबेहूब पण शेवट वेगळा असलेल्या पानावर आधार क्रमांक, खाते क्रमांक किंवा कार्डाचे तपशील भरू नयेत.

- ‘रक्कम घेण्यासाठी’ पिन किंवा क्यूआर कोड. यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे पाठवताना. पैसे स्वीकारताना पिन लागत नाही आणि कोडही स्कॅन करावा लागत नाही. एवढी एक गोष्ट घरातील प्रत्येकाला, विशेषतः ज्येष्ठांना, नीट समजावून सांगितली तर मोठे नुकसान टळते.

- पडदा दाखवण्याची मागणी. ‘तुमचा अर्ज आम्हीच दुरुस्त करून देतो’ असे सांगून दूरस्थ नियंत्रणाचे ॲप घ्यायला लावतात किंवा व्हिडिओ कॉलवर मोबाईलचा पडदा दाखवायला सांगतात. असे केल्यावर पासवर्ड आणि ओटीपी न सांगताही समोरच्याला दिसतात.

संशयास्पद फोन आल्यास त्याच क्रमांकावर उलट चौकशी करू नये. फोन ठेवून द्यावा, कार्यालयाचा क्रमांक स्वतंत्रपणे मिळवावा आणि मगच विचारणा करावी. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. पूर किंवा धरणाच्या विसर्गाविषयी धास्तावणारे संदेश पुढे पाठवण्यापूर्वीही याच क्रमांकावर खात्री करून घ्यावी, कारण आपत्तीविषयी खोटा इशारा पसरवून घबराट निर्माण करणे हा आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार गुन्हा आहे.

अंगठा देताना घ्यावयाची काळजी

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यांची फसवणूक मोबाईलऐवजी अंगठ्यावरून होते. आधारवर आधारित बँक व्यवहारात केवळ बोटाच्या ठशावर खात्यातून रोख रक्कम काढता येते, आणि ई-केवायसीचे यंत्र व रक्कम काढण्याचे यंत्र दिसायला सारखेच असते. प्रसंगी ते एकच असते. त्यामुळे ‘केवायसी करतो’ असे सांगून घेतलेला एक जादा अंगठा खाते रिकामे करू शकतो. सेवा केंद्रात बसल्यावर पुढील क्रम पाळावा.

१. अंगठा ठेवण्यापूर्वी संगणकाचा पडदा आपल्याकडे वळवून घ्यावा आणि त्यावर काय लिहिले आहे ते वाचावे; वाचता येत नसल्यास घरातील शिकलेल्या व्यक्तीला सोबत न्यावे.

२. पडद्यावरील नाव, गट क्रमांक, बाधित क्षेत्र, खाते क्रमांकाचे शेवटचे अंक आणि रक्कम आपल्या कागदाशी ताडून पाहावी. काही चुकीचे असल्यास ‘नंतर बघू’ असे म्हणून संमती देऊ नये, तर तेथेच हरकत नोंदवून तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्यावा.

३. ‘ठसा उमटला नाही, पुन्हा ठेवा’ असे सांगितले गेल्यास प्रत्येक वेळी पडद्यावर आलेला संदेश दाखवायला सांगावा. ठसा खरोखर उमटला नसेल तर तसे लिहून येते. व्यवहार पूर्ण झाल्याचा संदेश आला असेल तर दुसरा अंगठा देण्याचे कारणच उरत नाही.

४. पावती घेतल्याशिवाय उठू नये. सेवा केंद्राचे शुल्क शासनाने ठरवलेले असते आणि दरफलक दर्शनी भागात लावणे अपेक्षित असते. त्याहून अधिक रक्कम मागितल्यास केंद्राचे नाव लिहून घेऊन तहसीलदारांकडे तक्रार करावी.

५. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बँकेत पासबुक भरून घ्यावे.

आधारचे बायोमेट्रिक कुलूप ही आणखी एक विनामूल्य सोय आहे. ती सुरू केल्यावर बोटाचा ठसा कोणत्याही व्यवहारासाठी चालत नाही, आणि गरज पडेल तेव्हा कुलूप तात्पुरते उघडता येते. आधार प्राधिकरणाच्या ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून हे करता येते. मदतीसाठी १९४७ हा क्रमांक आहे. ई-केवायसीच्या वेळी मात्र कुलूप उघडण्याची आठवण ठेवावी, अन्यथा प्रमाणीकरण अयशस्वी होते.

यादीतील चोरी: अंबड-घनसावंगीचा धडा

फसवणूक नेहमी परक्या क्रमांकावरूनच येते असे नाही. छत्रपती संभाजीनगरच्या शेजारच्या जालना जिल्ह्यातील अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत २०२२ ते २०२४ या काळातील अतिवृष्टी, पूर आणि गारपिटीच्या अनुदानात कोट्यवधी रुपयांचा अपहार झाल्याचे चौकशीत आढळले. जमीन नसलेल्यांची नावे यादीत घालणे, प्रत्यक्षापेक्षा अधिक क्षेत्र दाखवणे, एकाच व्यक्तीला दोनदा लाभ देणे आणि ही रक्कम ओळखीपाळखीच्या लोकांच्या खात्यांतून काढून घेणे, असे या गैरव्यवहाराचे आरोपित स्वरूप होते. २०२५ मध्ये या प्रकरणात अनेक कर्मचारी निलंबित झाले आणि अंबड पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवण्यात आला.

सामान्य वाचकाने या प्रकरणातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली गोष्ट अशी की आपले खाते दुसऱ्याच्या अनुदानासाठी वापरू देऊ नये. ‘तुझ्या खात्यात काही रक्कम येईल, थोडी तू ठेव, बाकीची काढून दे’ हा प्रस्ताव नातेवाइकाकडून आला, ओळखीच्या कर्मचाऱ्याकडून आला किंवा महाविद्यालयीन मित्राकडून आला, तरी खातेदार त्या गुन्ह्याचा भाग बनतो. रक्कम पुढे देऊन टाकली म्हणून खातेदार मोकळा होत नाही, कारण तपासात पहिले नाव त्याच्याच पासबुकावर सापडते. आपत्तीच्या मदतीसाठी जाणूनबुजून खोटा दावा करणे आणि मदतीच्या पैशाचा किंवा साहित्याचा अपहार करणे, या दोन्हींसाठी आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या अनुक्रमे कलम ५२ आणि ५३ मध्ये २ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. म्हणून ‘नुकसान वाढवून दाखवतो, निम्मे-निम्मे करू’ असे सुचवणाऱ्याला पहिल्याच बोलण्यात स्पष्ट नकार द्यावा.

दुसरी गोष्ट अशी की यादी वाचणे हे गावाचे काम आहे. बोगस नाव कागदावर वैध दिसते, पण गावातील माणसाला ते तत्काळ खटकते, कारण कोणाची जमीन कोठे आहे आणि कोणाची नाही हे गावाला ठाऊक असते. यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याची आणि ग्रामसभेत वाचून दाखवण्याची मागणी लेखी करावी. आपले नाव शोधताना परकी वाटणारी नावेही टिपावीत आणि हरकत तहसीलदारांकडे लेखी नोंदवून पोहोच घ्यावी.

जमिनीचे सामाईक खाते असलेल्यांनी आणि वारसनोंद प्रलंबित असलेल्यांनी विशेष सावध राहावे. एकाच्या नावावर रक्कम घेण्यासाठी इतर खातेदारांचे संमतीपत्र लागते. त्यावर रक्कम, गट क्रमांक आणि तारीख लिहिलेली असल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नये, आणि कोऱ्या मुद्रांकावर तर कोणत्याही परिस्थितीत देऊ नये.

विमा, बियाणे आणि कर्ज यांतील सापळे

पीक विमा. १ रुपयात पीक विमा ही महाराष्ट्राची योजना २०२५ च्या खरिपापासून बंद झाली आणि शेतकऱ्याचा हिस्सा खरिपासाठी विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के, रब्बीसाठी १.५ टक्के व नगदी पिकांसाठी ५ टक्के असा पूर्ववत झाला. खरीप २०२५ साठी भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघालेल्या मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठरवण्यात आली. पीक कापणी प्रयोग म्हणजे ठरवून दिलेल्या शेतांतील मोजक्या क्षेत्राची कापणी करून उत्पादन मोजणे. त्यामुळे ‘वैयक्तिक दावा मंजूर करून आणतो’ म्हणून पैसे घेणाऱ्याच्या हाती प्रत्यक्षात काहीच नसते. त्या-त्या हंगामाच्या अटींची खात्री १४४४७ या पीक विमा मदत क्रमांकावर करावी.

वाहन, दुकान आणि घराचा विमा. नुकसान पाहण्यासाठी येणाऱ्या सर्वेक्षकाचे शुल्क विमा कंपनी देते, विमाधारक देत नाही. सर्वेक्षकाचे ओळखपत्र पाहावे आणि त्याच्या नेमणुकीची खात्री पॉलिसीवर छापलेल्या क्रमांकावरून करावी. दाव्याविषयी कंपनी दाद देत नसेल तर विमा नियामकाच्या १५५२५५ या क्रमांकावर आणि त्यानंतर विमा लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. पुरानंतर जुने वाहन स्वस्तात घेताना आसनाखालचा गंज, सीटबेल्टच्या पट्ट्यांच्या मुळाशी साचलेला गाळ आणि ओलसर वास तपासावा, तसेच वाहनाच्या विम्याचा दावा पूर्वी झाला आहे का याची चौकशी करावी.

बियाणे आणि खते. पेरणीची घाई आणि हातात नुकतीच आलेली मदत यांचा फायदा बोगस बियाणे विकणारे घेतात. परवानाधारक दुकानातूनच खरेदी करावी. बिलावर वाणाचे नाव, लॉट क्रमांक आणि मुदत लिहून घ्यावी. पिशवी, तिच्यावरील लेबल आणि थोडे बियाणे पीक निघेपर्यंत जपून ठेवावे. उगवण न झाल्यास कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी, म्हणजे तालुका तक्रार निवारण समिती शेताची पाहणी करून अहवाल देते. ग्राहक आयोगात दाद मागताना हाच अहवाल आधार ठरतो. पिशवी फेकून दिलेल्या शेतकऱ्याची बाजू मात्र येथेच लंगडी पडते.

तातडीचे कर्ज. कर्ज देण्यापूर्वीच ‘प्रक्रिया शुल्क’ मागणारे आणि मोबाईलमधील संपर्क व छायाचित्रांची परवानगी मागणारे कर्ज-ॲप टाळावे. खासगी सावकाराकडे महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवाना असणे बंधनकारक आहे. कर्जाच्या बदल्यात जमिनीचे खरेदीखत करून मागणाऱ्याला नकार द्यावा. अवैध सावकारीतून जमीन गेली असल्यास ती परत मिळवण्यासाठी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो.

मदत देणाऱ्यांनी घ्यावयाची काळजी

क्रांती चौकासारख्या वर्दळीच्या ठिकाणी आपत्तीच्या काळात मदतफेऱ्या निघतात, त्यांपैकी बहुतेक प्रामाणिक असतात, आणि त्या तशाच राहाव्यात यासाठी देणाऱ्यानेही चार प्रश्न विचारले पाहिजेत.

- संस्था नोंदणीकृत आहे का, आणि तिचा नोंदणी क्रमांक पावतीवर छापलेला आहे का? महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे होते.
- क्यूआर कोड स्कॅन केल्यावर संस्थेचे नाव दिसते की एखाद्या व्यक्तीचे?
- जमा झालेली रक्कम किंवा साहित्य कोणत्या गावात, कोणामार्फत जाणार आहे?
- मागील वेळचा हिशेब पाहायला मिळेल का?

यांपैकी एकाही प्रश्नाचे नीट उत्तर न मिळाल्यास देणगी मुख्यमंत्री सहाय्यता निधीला त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून द्यावी, किंवा धान्य, चारा, वह्या असे साहित्य स्वतः नेऊन आपद्‌ग्रस्तांच्या हाती द्यावे. समाजमाध्यमांवर फिरणारा खाते क्रमांक, तो एखाद्या मोठ्या व्यक्तीच्या छायाचित्रासह आला असला तरी, पडताळल्याशिवाय पुढे पाठवू नये.

फसवणूक झाल्यास पहिल्या तासात काय करावे

गेलेली रक्कम काही वेळ एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत असते. ती रोख निघण्यापूर्वी गोठवता आली तर परत मिळण्याची शक्यता राहते. म्हणून लाजेने किंवा घरच्यांच्या भीतीने गप्प बसण्यात गेलेला प्रत्येक तास चोराच्या पथ्यावर पडतो.

१. १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करावा. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि आपला खाते क्रमांक जवळ ठेवावा. पिन किंवा ओटीपी येथेही सांगावयाचा नसतो.

२. बँकेला कळवून खाते, कार्ड आणि यूपीआय बंद करून घ्यावे आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवावा.

३. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार नोंदवावी.

४. मोबाईलमध्ये संशयास्पद ॲप आले असल्यास इंटरनेट बंद करून सिमकार्ड काढावे आणि पासवर्ड दुसऱ्या मोबाईलवरून बदलावेत. संदेश, कॉलची नोंद आणि पडद्याची छायाचित्रे पुरावा म्हणून जपावीत, पुसू नयेत.

५. पोलीस ठाण्यात लेखी फिर्याद द्यावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर जवळच्या ठाण्यात नोंदवता येते. यालाच ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. त्यामुळे पैठण किंवा वैजापूरचा शेतकरी कामानिमित्त छत्रपती संभाजीनगर शहरात असताना फसवला गेला, तर क्रांती चौक पोलीस ठाण्यातही त्याची खबर घेतली गेली पाहिजे. खबर नोंदवून घेण्यास नकार मिळाल्यास पोलीस अधीक्षकांकडे किंवा पोलीस आयुक्तांकडे लेखी अर्ज पाठवावा आणि तेथेही दखल न घेतल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दाद मागावी.

‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतो’ असे सांगत काही दिवसांनी येणारा फोन हा बहुधा त्याच टोळीचा दुसरा फेरा असतो. एकदा फसलेल्या माणसाचे नाव आणि क्रमांक या टोळ्यांकडे जमा असतो. त्यामुळे पैसे परत मिळवून देण्यासाठी शुल्क मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये.

वाचकांनी ध्यानात ठेवावयाचे हक्क

- मदतीची रक्कम कर्जात वळती करू नये, असे निर्देश शासन आपत्ती अनुदानाच्या निर्णयांत बँकांना देत असते. बँकेने रक्कम वळती केल्यास त्या शासन निर्णयाचा उल्लेख करून शाखा व्यवस्थापकाला लेखी अर्ज द्यावा, त्याची प्रत तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी.

- बँकेच्या जबाबदारीचे नियम आहेत. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेल्या नियमांनुसार, ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच पक्षाच्या कृत्याने खात्यातून रक्कम गेली आणि ग्राहकाने बँकेची सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर नुकसान ग्राहकावर पडत नाही. ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे असते, मात्र कळवल्यानंतरचे बँकेचे असते. म्हणून चूक आपली असली तरीही तत्काळ कळवण्यात फायदाच आहे. बँकेने ३० दिवसांत समाधान केले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.

- लाच मागितल्यास लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर, शक्यतो पैसे देण्यापूर्वीच, कळवावे. लाच देणे हाही गुन्हा आहे. परंतु ज्याला ती देणे भाग पाडले गेले, त्याने ७ दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवल्यास कायदा त्याला संरक्षण देतो.

- पंचनाम्याची आणि यादीची प्रत माहितीचा अधिकार कायदा, २००५ खाली मागता येते आणि साधारणपणे ३० दिवसांत ती मिळणे बंधनकारक आहे.

- तक्रारीची दखल तहसील पातळीवर घेतली न गेल्यास ‘आपले सरकार’च्या तक्रार निवारण प्रणालीवर किंवा दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात होणाऱ्या लोकशाही दिनात ती मांडता येते. खरेदी-विक्रीतील फसवणुकीसाठी राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक १९१५ आहे.

पुढच्या पावसाळ्याआधीची तयारी

फसवणुकीपासून मिळणारे बहुतेक संरक्षण आपत्ती येण्यापूर्वीच्या शांत दिवसांत उभे करता येते, आणि त्यासाठी फार खर्च येत नाही. प्रत्येक कुटुंबाने पुढील कामे उरकून घ्यावीत.

- सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक आणि विमा पॉलिसी यांच्या प्रती प्लास्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवाव्यात आणि त्यांची छायाचित्रे घरातील दोघांच्या मोबाईलमध्ये असावीत.
- ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईल ॲपवरून आपल्या पिकाची सातबाऱ्यावर नोंद, दर हंगामात वेळेत करावी.
- शेतकरी ओळख क्रमांकातील गट आणि क्षेत्र तपासून घ्यावे, वारसनोंद रेंगाळू देऊ नये आणि आधारशी कोणते खाते जोडलेले आहे ते घरातील दोघांना तरी ठाऊक असावे.
- नुकसान झाल्यास साफसफाई करण्यापूर्वी तारखेसह छायाचित्रे आणि चित्रफिती घ्याव्यात.
- १९३०, १०७७, १०६४ आणि आपत्कालीन मदतीचा ११२ हे क्रमांक घरात आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ठळक लिहावेत.

ज्यांना लिहिता-वाचता येते, मोबाईल हाताळता येतो आणि कार्यालयात नेटाने विचारणा करता येते, त्यांच्यावर आणखी एक जबाबदारी आहे. गावातील एकटी राहणारी वृद्ध स्त्री, पती गमावलेली शेतकरी महिला, ऊसतोडीसाठी परगावी गेलेले कुटुंब आणि दुसऱ्याच्या शेतावर राबणारा मजूर यांना कोणतीही यादी वाचून दाखवणारे कोणी नसते आणि मध्यस्थ नेमका त्यांच्याच दारात आधी पोहोचतो. गावातील चार-पाच तरुणांनी यादी लागेल त्या दिवशी अशा घरांत जाऊन नाव, रक्कम आणि खाते तपासून द्यावे व सेवा केंद्रात त्यांच्या सोबत बसावे. अतिवृष्टी थांबवणे कोणाच्याच हाती नाही. तिच्यानंतर आलेली मदत ज्याची त्याला पूर्ण मिळेल, एवढे पाहणे मात्र गावाच्या हाती नक्कीच आहे.